लांब पल्ल्याचा रविवार: वाळूवर की डांबरावर?

जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनसाठी नाव नोंदवलं, एखाद्या संस्थेसाठी निधी गोळा करायला सुरुवात झाली, की गोव्यातल्या हौशी धावकापुढे एक प्रश्न उभा राहतो. पुण्या-नाशिकच्या धावकाला तो पडत नाही. आठवड्याचा लांब पल्ला कुठे काढायचा, ओहोटीच्या ओल्या घट्ट वाळूवर की रस्त्यावर? दोन्ही जागा दाराशी आहेत, दोन्ही फुकट आहेत, आणि दोन्हींच्या बाजूने बोलणारे लोक ठाम असतात. दोन्हीकडे भरपूर पाय झिजवून मी एक बाजू धरली आहे. ती सगळ्यांना लागू पडेल असं नाही, पण जे कारण माझ्यासाठी निर्णायक ठरलं ते निवड करण्याआधी कोणी फारसं सांगत नाही, म्हणून हा आढावा.

आधी एक गोष्ट नक्की करून घ्यावी. स्वतःच्या वेळेसाठी धावणाऱ्याची पोटरी दुखली तर तो पुढच्या वर्षी बघू म्हणू शकतो. निधीसाठी धावणाऱ्याला हे जड जातं. पैसे संस्थेकडे पोचलेले असतात, ते परत मागायला कोणी येत नाही, पण ज्या मावशीने पाचशे रुपये दिले ती जानेवारीत ‘झाली का रे पुरी?’ एवढंच विचारणार असते. किती वेळात झाली हे तिला नको असतं. त्यामुळे इथे कसोटी वेगाची नाही. कोणत्या जागेवर तयारीच्या अठरा आठवड्यांत कमी रविवार बुडतात, आणि कोणती जागा तुम्हाला धड पायांनी आरंभरेषेपर्यंत नेते, एवढंच बघायचं.

वाळूच्या बाजूने बोलायचं तर दक्षिण गोव्यासारखा किनारा धावायला सहज मिळत नाही. वेळसावपासून आरोशी, उतोर्डा, माजोर्डा, बेतालभाटी, कोलवा, बाणावली, वारका, केळशी करत साळ नदीच्या मुखाशी मोबोरपर्यंत वीस किलोमीटरांहून लांब सलग पट्टा आहे. गाडी नाही, हॉर्न नाही, सिग्नल नाही. ओहोटीला खालची वाळू इतकी घट्ट बसते की पावलाचा ठसा जेमतेम उमटतो, आणि तरीही डांबराचा दणका गुडघ्याला बसत नाही. वजन जास्त असलेल्याला, चाळिशीनंतर धावायला लागलेल्याला, जुनं नडगीचं दुखणं असलेल्याला हा फरक पहिल्याच आठवड्यात कळतो. पणजीकराला एवढी लांबी मिळत नाही. मिरामारपासून करंजाळ्याच्या टोकापर्यंत जाऊन परतलं की त्याच फेऱ्या मोजत बसावं लागतं, तरी आठवड्यातल्या छोट्या धावेला ती वाळू उत्तम आहे.

रस्त्याची बाजू दिसायला साधी आहे. पणजीतून निघणारा उत्तम लांब मार्ग नदीकाठचा: मिरामार सर्कल, कांपाल, कला अकादमी, जुनं सचिवालय, पाटो, मग रायबंदरचा बांध आणि पुढे जुने गोवे. एका बाजूचं अंतर बारा किलोमीटरांच्या आसपास. परत येऊन मिरामार-दोनापावला अशी एक फेरी जोडली की तीसचा आकडा होतो. यातला बांध १६३३-३४ साली बांधलेला, तीन किलोमीटरांहून थोडा लांब, सपाट. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला मिठागरं आणि खारफुटी. पहाटे साडेपाचला इथे मोकळा वारा असतो, आणि तीन किलोमीटर एकाच लयीत पाय पडतात तेव्हा स्वतःचा खरा वेग कळतो. मडगावकराला असाच मार्ग कोलवा-बाणावली-वारका-केळशी या आतल्या रस्त्यावर मिळतो. माडांची सावली असल्यामुळे साडेआठपर्यंत ऊन अंगावर येत नाही, हा त्याचा वेगळा फायदा.

आता ज्या एका गोष्टीने माझा कौल ठरवला तिच्याकडे येतो. भरती-ओहोटी.

ओहोटीला जावं लागतं हे सगळ्यांना माहीत असतं. पण अठरा आठवड्यांच्या वेळापत्रकात ती काय करते हे कागदावर मांडल्याशिवाय लक्षात येत नाही. ओहोटीची वेळ दररोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते. सात दिवसांत ती जवळजवळ सहा तास सरकते. म्हणजे या रविवारी पहाटे साडेपाचला पाणी पार आत गेलेलं असेल, तर पुढच्या रविवारी त्याच वेळी ते भरतीला लागलेलं असणार. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा ओहोटी, पण आधीच्यापेक्षा अर्ध्या तासाहून थोडी अलीकडे. एकूण रविवार एकाआड एक चांगले-वाईट येतात, आणि पंधरवड्यामागून पंधरवडा तेही घसरत जातात. चार महिन्यांत चांगल्या रविवारांची जागा वाईटांनी घेतलेली असते.

कोकणपट्टीतला जुना हिशोब इथे फार उपयोगी पडतो. तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमा आणि अमावास्या पंधरावी धरायची, भरती सव्वाअकराला, म्हणून ओहोटी पहाटे पाचच्या आसपास. प्रतिपदेला भरती पाऊणला, ओहोटी सातला. द्वितीयेला ओहोटी पावणेआठच्या आत-बाहेर. हा हिशोब अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो, म्हणून आदल्या रात्री मुरगाव बंदराचा भरतीचा तक्ता बघावाच. पण तीन महिन्यांचं वेळापत्रक आखायला भिंतीवरचं कालनिर्णय पुरतं.

आता यात लांब पल्ला बसवून बघा. पाणी घड्याळाच्या काट्यासारखं सारख्या वेगाने चढत नाही. ओहोटीच्या तळापासून पहिल्या तासात बाराव्या हिश्श्याएवढं चढतं, दुसऱ्या तासात दोन हिस्से, तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी तीन. म्हणजे तळाच्या आधीचे दोन तास आणि नंतरचे दोन तास किनारा रुंद आणि सपाट असतो, आणि त्यानंतरच्या दोन तासांत निम्मं पाणी अंगावर येतं. पहिल्यांदा मॅरेथॉनची तयारी करणाऱ्याला ३० किलोमीटरांना चार तास सहज लागतात. पहाटे पाच ते सकाळी नऊ. हे चार तास पूर्णपणे त्या चांगल्या खिडकीत बसवायचे तर ओहोटीचा तळ सातच्या आसपास हवा. म्हणजे प्रतिपदा किंवा द्वितीया, शुद्ध किंवा वद्य. महिन्यातले चार दिवस. ते रविवारीच यावेत ही अपेक्षा ठेवली तर अठरा रविवारांत दोन, फार तर तीन हाती लागतात.

यावर किनाऱ्यावर धावणारे म्हणतात, की थोडं पुढे-मागे झालं तर काय बिघडतं, ओली वाळू तर कायम असतेच. असते. पण कुठली असते हे बघायला हवं. ओहोटीच्या तळाशी असलेला पट्टा जवळजवळ सपाट असतो. पाणी वर चढलं की धावायला उरते ती वरच्या अंगाची वाळू, आणि तिला समुद्राकडे स्पष्ट उतार असतो. कोलव्याहून दक्षिणेला निघालात तर समुद्र उजवीकडे, म्हणून उजवा पाय खालच्या अंगाला. परत येताना समुद्र डावीकडे, डावा पाय खाली. सिद्धांतात दोन्ही पायांची वाटणी सारखी होते. प्रत्यक्षात तळाला निघालात, तर जाताना सपाट पट्टा मिळाला आणि परतताना उतार, तोही पाय थकल्यानंतर. सारा ताण एकाच पायावर येतो, आणि तो मांडीच्या बाहेरून गुडघ्यापर्यंत उतरणाऱ्या पट्ट्यावर येतो. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जिना उतरताना सुई टोचल्यासारखं दुखू लागलं, की कारण बूट नाहीत, वय नाही, बहुतेक वेळा ही परतीची वाट असते. हे दुखणं एकदा जडलं की तीन-चार आठवडे लांब धाव बंद. अठरापैकी चार गेले तर शर्यत गेलीच म्हणायची.

उलट करून बघता येतं. तळाच्या आधी तीन-साडेतीन तास निघायचं, म्हणजे जाताना उतार आणि परतताना सपाट. पाय ताजे असताना उतार झेपतो, हे खरं. पण मग प्रतिपदेला साडेतीनला किनाऱ्यावर उतरावं लागतं, आणि काळोखात रापणीचे, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचे, दोर दिसत नाहीत. बाणावली-कोलव्याकडे पहाटे रापण ओढतात तेव्हा दोर वाळूपासून गुडघ्याएवढ्या उंचीवर ताणलेले असतात. डोक्याला बॅटरी असली तरी ओला दोर वाळूच्याच रंगाचा असतो. त्या लोकांचं ते पोटाचं काम आहे. धावकाने लांबून चालत, वरच्या अंगाने वळसा घालून जावं. कोलव्याजवळ किनारा कापत समुद्राला मिळणारा व्हाळ (ओढा) देखील काळोखात फसवतो. काठाची वाळू पायाखाली कोसळते आणि घोटा मुरगळतो.

एवढ्याने वाळू निकालात निघत नाही. फक्त रविवारच्या लांब पल्ल्यासाठी ती विश्वासाची नाही, असं माझं मत झालं आहे. रविवार हलवता येत नाही. नोकरी-धंदा, मुलांची शाळा, सोबतीला येणारे दोघे, सगळं त्या एका सकाळीभोवती बांधलेलं असतं. समुद्र मात्र तिथीप्रमाणे चालतो.

दुसरी बाब बुटांची, आणि ही किरकोळ नाही. वाळूवर लांब धावताना एखादी लाट येतेच. ओला बूट जड होतो, मोज्यात शिरलेली बारीक वाळू पॉलिश पेपरचं काम करते, आणि सोळाव्या-सतराव्या किलोमीटरला करंगळीच्या बाजूला फोड उठतो. घट्ट विणीचे मोजे, बोटांच्या मध्ये पेट्रोलियम जेली, आणि बुटाची जीभ आत नीट बसवलेली असेल तर फोड दहा-बारा किलोमीटर पुढे ढकलता येतो, टाळता येत नाही. घरी आल्यावर बूट गोड्या पाण्यात बुडवून मीठ काढावं लागतं. आतला तळवा वेगळा करायचा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे भरायचे, दोन तासांनी ते बदलायचे, आणि सावलीत पंख्याखाली ठेवायचं. उन्हात ठेवलेल्या बुटाचा गोंद सुटतो आणि तळाचा फोम कडक होतो. गोव्याच्या दमट हवेत बूट पुरता वाळायला दीड-दोन दिवस लागतात, म्हणजे दुसरी जोडी लागतेच. मीठ मुरलेला बूट लवकर बसतो. रस्त्यावर ७०० किलोमीटर टिकणारी जोडी खाऱ्या पाण्यात ४००-५०० च्या पुढे गेलेली मी फारशी पाहिली नाही.

मग अनवाणी? घट्ट वाळूवर अनवाणी धावण्यासारखं सुख नाही आणि पावलाचे लहान स्नायू त्याने खरोखर तयार होतात. पण ते लांब पल्ल्याचं काम नाही. टाच खाली टेकण्याची सवय सुटून भार पोटरीवर आणि टाचेच्या मागच्या शिरेवर जातो. आठवड्यातून एकदा, धाव संपताना पाच मिनिटं, मग दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवत वीस मिनिटांवर थांबावं. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकताना टाचेच्या मागे आखडल्यासारखं वाटलं तर दोन आठवडे बूट घालावेत. कोरड्या, भुसभुशीत वाळूत तर लांब धाव काढूच नये. घट्ट जमिनीच्या तुलनेत तिथे दीडपटीहून जास्त शक्ती लागते. हृदय धापा टाकतं, पाय मात्र मॅरेथॉनच्या लयीत चालायला शिकत नाहीत.

शर्यत कुठे आहे हेही विसरून चालणार नाही. मुंबईचे ४२.१९५ किलोमीटर डांबर आणि काँक्रीटवरचे आहेत. शेवटच्या दहा किलोमीटरांत हौशी धावक थांबतो तो दम लागून नव्हे, मांड्या दगड झाल्यामुळे. कडक जमिनीवर पडणारं प्रत्येक पाऊल मांडीचा पुढचा स्नायू ताणत अडवतो, आणि हजारो पावलांनी तो स्नायू फाटल्यासारखा होतो. याची सवय फक्त कडक जमिनीवरच होते. सगळे लांब पल्ले वाळूवर काढलेला माणूस श्वासाने तयार असतो, मांड्यांनी नसतो. त्यात परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ येतो. वाळूला चढच नाही. पणजीत आल्तिनोचा चढ दहा दिवसांतून एकदा सहा वेळा चढावा, वर जाताना धावत आणि उतरताना चालत. मडगावकराला मोंतीचा डोंगर आहे. लांब पल्ल्याच्या शेवटच्या चार किलोमीटरांत आल्तिनोला एक फेरी मारली तर पेडर रोड ओळखीचा वाटेल.

रस्त्यालाही दोष आहेत आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पहिला पुन्हा उताराचाच. डांबरी रस्ता मधोमध उंच आणि कडेला खाली असतो. समोरून येणारी वाहनं दिसावीत म्हणून आपण नेहमी उजव्या कडेने धावतो, म्हणून जाताना आणि येतानाही उजवाच पाय खालच्या अंगाला पडतो. वाळूवर निदान बाजू बदलते, इथे बदलत नाही. यावर उपाय मात्र आहे. पहाटे बांधावर वाहन नसताना रस्त्याच्या सपाट भागावर यायचं, दिवा दिसला की कडेला. कांपाल आणि मिरामारला पदपथ घ्यायचा, तो सपाट आहे. फक्त फरशीचे ठोकळे कुठे वर आलेत ते उजेडात एकदा चालत बघून ठेवावं, कारण अंधारात पायाच्या अंगठ्याला तेच सापडतात. पाच-सहा किलोमीटर पदपथ आणि बाकी रस्ता असा मेळ घातला तर गुडघा तक्रार करत नाही.

दुसरा दोष वाहनांचा. रायबंदर गावातला रस्ता अरुंद आहे, घरांच्या पायऱ्या रस्त्याला टेकलेल्या. साडेसहानंतर चोडणच्या फेरीबोटीकडे जाणाऱ्या दुचाकी आणि बसगाड्या सुरू होतात. म्हणून सव्वापाचला निघून जुन्या गोव्याहून परतताना रायबंदर सातच्या आत ओलांडावं असा हिशोब ठेवावा. तेवढा वेग नसेल तर बांधावरच दोन फेऱ्या माराव्यात, गावात शिरू नये. चमकणारी पट्टी छातीवर आणि पाठीवर दोन्हीकडे हवी. कानात गाणी नकोत. पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा ऐकू आला पाहिजे, म्हणजे मागून येणारा टेम्पोही ऐकू येईल. खणलेल्या रस्त्यांबद्दल पणजीकरांना वेगळं सांगायला नको. शनिवारी संध्याकाळी स्कूटरवरून मार्ग एकदा बघून यावा, इतकाच उपाय.

कुत्री दोन्हीकडे आहेत. किनाऱ्यावर ती टोळीने असतात, रस्त्यावर आपापल्या घरासमोर. उपाय एकच. धावणं थांबवून चालायला लागायचं, पाठ फिरवायची नाही, हातवारे करायचे नाहीत. चावलंच तर साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी लस घ्यायची, धाव तिथेच संपवून.

पाण्याच्या बाबतीत रस्ता सरळ पुढे आहे. ऑक्टोबरच्या दमट सकाळी गोव्यात घाम सुकत नाही, गळतो. धावण्याआधी आणि नंतर कोरड्या अंगाने वजन करून बघा. एक किलो कमी झालं तर सुमारे एक लिटर पाणी गेलं. दोन-तीन रविवार हे करून आपला ताशी आकडा काढावा. बहुतेकांना तासाला अर्धा लिटर, त्यात मीठ, एवढं पुरतं. ओआरएसची पुडी जेवढ्या पाण्याची लिहिली आहे तेवढ्याच पाण्यात घोळावी, दाट केली तर पोट ढवळतं. आणि घाम गेला त्याहून जास्त पाणी पिऊ नये; नुसतं पाणी पोटभर पीत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं आणि चक्कर, उलटी, त्याहून वाईटही होऊ शकतं. रस्त्यावर पाटोला एक बाटली ठेवता येते, रायबंदरला गाडा उघडलेला असतो, ओळखीच्या घरी दोन केळी ठेवता येतात. किनाऱ्यावर पहाटे शॅक बंद असतात, म्हणून दीड-दोन लिटर पाठीवर घ्यावं लागतं. दोन किलो पाठीवर घेतल्याने कंबर पुढे झुकते आणि धावण्याची ढब बदलते. शर्यतीत तसं ओझं नसतं, मग सराव त्याचा कशाला?

खाण्याबद्दल एवढंच, की जे शर्यतीच्या दिवशी खाणार तेच प्रत्येक लांब पल्ल्याआधी खावं. उकड्या तांदळाची पेज मीठ घालून, निघायच्या दीड-दोन तास आधी, हे पोटाला सोसतं आणि बाधत नाही. मुंबईत ती मिळेलच असं नाही, म्हणून शेवटच्या चार रविवारी पाव आणि केळं यावर धावून बघावं. धावताना तासाला तीस ते साठ ग्रॅम साखर-पिष्ट पोटात जायला हवं. एका मध्यम केळ्यात पंचवीसच्या आसपास असतं. पहिला घास पाऊण तासाने, भूक लागायची वाट न बघता.

तर मग वाळूचं काय करायचं? मी ती बुधवार-गुरुवारला देतो. आठवड्यात एक सोपी धाव असते, पाऊण तासाची, आणि तो दिवस हलवता येतो. पाऊण तासाला खिडकी मोठी मिळते. चतुर्दशीपासून द्वितीयेपर्यंत कुठल्याही सकाळी पावणेसहाला किनारा सपाट असतो, आणि याच दिवसांत ओहोटी खोलवर जाते. सकाळ जमली नाही तर त्याच दिवशी संध्याकाळी साडेपाचला तीच संधी पुन्हा येते. अष्टमीच्या आसपासच्या दिवसांत जाऊ नये. तेव्हा भरती मोठी नसते पण ओहोटीही खोल नसते, पाणी मध्येच रेंगाळतं आणि हाती फक्त उताराचा पट्टा उरतो. त्या आठवड्यात सोपी धाव मैदानावर काढावी.

वाळूवर धावताना किलोमीटर मोजू नयेत, मिनिटं मोजावीत. वेग किलोमीटरमागे वीस-तीस सेकंदांनी कमी दिसतो, तो तसाच असू द्यावा. बोलता येईल इतपत दम राहिला म्हणजे धाव बरोबर झाली. रविवारी कडक रस्त्यावर मांड्या दुखल्या असतील तर बुधवार-गुरुवारची ही ओली वाळू औषधासारखी लागते. धाव संपल्यावर गुडघाभर पाण्यात दहा मिनिटं उभं राहावं.

ज्यांनी सुरुवातीला रस्ता कमी ठेवावा असेही लोक आहेत. नडगीच्या हाडात चीर पडून बरी झालेले, नव्वद किलोच्या पुढचे, आणि पन्नाशीत पहिल्यांदा उतरलेले. यांनी पावसानंतर किनारा सपाट झाला की पहिले सहा आठवडे दोन्हीकडे निम्मं-निम्मं करावं, सातव्या आठवड्यापासून रविवार रस्त्यावर न्यावा आणि पाच मिनिटं धाव, एक मिनिट चाल असा ठेका धरावा. अर्धमॅरेथॉनच धावायची असेल तर प्रश्न बराच सोपा होतो. दोन-अडीच तासांची खिडकी महिन्यातून सहा दिवस मिळते आणि कोलवा-वारका-कोलवा ही वाट आनंदाची आहे. त्यांनी मनापासून किनारा निवडावा.

सप्टेंबरचा मध्य ते ऑक्टोबरची सुरुवात हा काळ मात्र कोणीच वाळूवर घालवू नये. पावसाने किनारा कापलेला असतो, व्हाळ रुंद असतात, आणि घट्ट पट्टा अजून भरून आलेला नसतो. तो दसऱ्यानंतर हळूहळू सपाट होतो. तोवर रस्त्यावर १२, १४, १६ किलोमीटरांचे रविवार होऊन जातात, चौथ्या रविवारी १० वर उतरून पायांना विसावा द्यायचा, आणि मग पुन्हा १८ पासून वर. ३० ते ३२ चे दोन पल्ले डिसेंबरमध्ये, दोन्हींच्या मध्ये दोन आठवडे. नाताळाच्या आसपासपासून उतरती, २४, १६, १०. हे आकडे कालनिर्णयावर पेन्सिलने लिहा आणि त्याच चौकोनात तिथीकडे बघून बुधवारच्या वाळूवर खूण करा. पंधरवड्यातून एक खूण येईल.